निरोपाचा 'या'

१

औशात रेवणसिद्धाच्या घरी एक नेम होता. घरातलं माणूस परगावी निघालं, की ते मुक्कामाला पोचल्याचं कळेपर्यंत मधल्या घरातला केर काढायचा नाही. स्वयंपाकघर झाडा, ओसरी झाडा, अंगणात सडा टाका, कोणी काही म्हणणार नाही. पण ज्या जमिनीवरून देवाला नमस्कार करून माणूस बाहेर पडलं, तिथे केरसुणी लावायची नाही. गेलेल्याची पावलं पुसली तर त्याला परतीची वाट सापडायची कशी, असा त्यातला हिशेब.

हा नेम शांतम्मा सांभाळायची. शांतम्मा म्हणजे रेवणसिद्धाची आई, माहेर कानडी, भालकीकडचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण कान असे तिखट की परसात मांजर आलं तरी तिला ओसरीवर कळायचं. सून उमादेवी नांदेडच्या गुरुपादप्पा मास्तरांची लेक. मास्तर सरकारी शाळेत जुगराफिया शिकवायचे, म्हणजे आपला भूगोल. लेकीच्या लग्नात त्यांनी दागिने बेताचे दिले आणि हिंदुस्थानचा एक भला मोठा नकाशा दिला. औशाच्या बायका त्यावरून वर्षभर हसत होत्या. रेवणसिद्धाने मात्र तो नकाशा मधल्या घरात खुंटीला टांगला आणि बायकोला मास्तरीणबाई म्हणायला सुरुवात केली. सहा वर्षं झाली, दुसऱ्या कुठल्या नावाने त्याने तिला कधी हाक मारली नाही.

मधल्या घराला खिडकी नव्हती. वर मातीचं माळवद, म्हणजे सपाट छत, आणि उजेडासाठी माळवदाला हातभर रुंदीचं भोक, त्याला सवणं म्हणतात. दिवसा त्या सवण्यातून उन्हाचा एक कवडसा खाली उतरायचा आणि जमिनीवरून हळूहळू सरकायचा. माळवदाची पांढरी माती कितीही चोपली तरी बारीक बारीक झिरपत राहते. दोन दिवस झाडलं नाही, की जमिनीवर पिठासारखा थर बसायचा आणि त्यावर उंदराचं पाऊलही उमटायचं.

रेवणसिद्धाचं पाऊल तर आंधळ्यालाही ओळखू आलं असतं. लहानपणी बैलगाडीच्या चाकाखाली येऊन त्याच्या डाव्या पायाची करंगळी गेली होती. सारवलेल्या ओल्या जमिनीवर तो चुकून चालला, की उमादेवी म्हणायची, "चोरी करायला जाऊ नका हो कधी. लगेच सापडाल."

"मास्तरीणबाई, तुझ्या घरात आलो तरच सापडीन की," तो म्हणायचा.

२

निजामशाहीची ती अखेरची वर्षं होती, पण ती अखेरची आहेत हे तेव्हा औशात कोणाला ठाऊक होतं? महायुद्ध संपून वर्ष उलटलं होतं. रेवणसिद्धाला लातुरात तेलाची गिरणी टाकायची होती. इंजिन मुंबईला पसंत करायचं, आणि परवान्याची पेशी, म्हणजे सुनावणी, हैदराबादेला. दोन्ही तारखा एकमेकींना चिकटून आल्या. मुंबईहून हैदराबादेला आगगाडीने जायचं तर एक दिवस आणि एक रात्र मोडणार आणि पेशी हुकणार. परवाना गेला तर गिरणीही गेली.

शेजारच्या ईश्वरप्पाचं कापडाचं दुकान होतं, आणि मुंबईच्या बातम्या त्याच्याकडे मालाबरोबर यायच्या. तो म्हणाला, "इमानानं जा की. मुंबईहून उडतंय, हैदराबादेला उतरतंय. सकाळी बसलं की दुपारच्या जेवणाला तिथं हाजिर."

शांतम्माने कानावर हात ठेवले. "आभाळातनं जानाऱ्याची पावलं कुठं उठायची रे? न्हाई म्हनते मी."

तेव्हा उमादेवी उठली. खुंटीवरचा नकाशा तिने जमिनीवर पसरला, लुगड्याच्या काठाचा एक दोरा उसवून घेतला आणि वडिलांनी शिकवलं होतं तसा तो ताणून मुंबईपासून हैदराबादेपर्यंत धरला. मग नकाशाखालच्या मैलांच्या पट्टीवर तोच दोरा लावला. आगगाडी पुण्याला जाते, सोलापूरला जाते, वाडीला वळसा घेते. दोरा कुठेच वळत नव्हता. मैल चारशेच्या आत भरले. तासाला दीडशे मैल म्हटले तरी तीन तासांच्या आत प्रवास आटोपतो, असं तिने सांगितलं, आणि सांगता सांगता ती थबकली. नकाशावर औसा छापलेलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा तिने आपल्या हाताने तिथे कुंकवाचा ठिपका दिला होता. ताणलेला दोरा त्या ठिपक्याला चाटून गेला होता.

"आवो, हे बघा. तुम्ही घरावरून जाणार!"

तिला किती आनंद झाला म्हणून सांगावं! नवऱ्याला विमानात बसवण्याचा हट्ट मग तिनेच धरला. मुंबईहून नऊला निघालं तर अकराच्या सुमाराला औशावर येईल. त्या वेळी सवण्यातला कवडसा बरोबर धान्याच्या कणगीच्या बुडाशी असतो. मी माळवदावर तांबडं इरकली लुगडं पसरते, तुम्ही खाली बघा आणि घर ओळखा. रेवणसिद्ध हसला आणि कबूल झाला. शांतम्माने मात्र "आपल्याच घरावरनं जायचं आन् घरात यायचं न्हाई, हे कसलं जानं?" एवढं पुटपुटून घेतलं.

निघताना त्याने मधल्या घरात गळ्यातल्या लिंगाला हात जोडले, कपाळाला विभूती लावली आणि उंबऱ्यावर वळून म्हणाला, "येतो."

"या," उमादेवी म्हणाली.

आपल्याकडे कोणी 'जातो' म्हणत नाही आणि कोणी 'जा' म्हणत नाही. तिनेही रोजच्यासारखंच म्हटलं.

३

मुंबईला पोचल्याचं त्याचं कार्ड आलं. पण शांतम्माच्या लेखी मुंबई ही वाट होती, मुक्काम हैदराबाद. मधलं घर तसंच राहिलं. आठ दिवसांत रेवणसिद्धाची दाराकडे गेलेली पावलं पांढऱ्या मातीखाली बुजत आली होती. ती मोडू नयेत म्हणून उमादेवी भिंतीच्या कडेकडेने फक्त कणगीपर्यंत जायची आणि यायची.

ठरल्या दिवशी तिने सकाळीच माळवदावर लुगडं पसरून चारी टोकांना दगड ठेवले. थंडीचे दिवस, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. शेजारच्या माळवदावर ईश्वरप्पा दुकान सोडून येऊन उभा होता. किल्ल्याच्या बाजूला घारी फिरत होत्या. उमादेवीने सवण्यातून खाली वाकून पाहिलं. कवडसा कणगीच्या बुडाला लागायला आला होता.

आधी आवाज आला. दूर कुठे जातं फिरावं तसा. मग पश्चिमेला एक ठिपका दिसला, त्याला पंख फुटले आणि बघता बघता ते विमान थेट औशाच्या रोखाने आलं. तिचा दोरा खरा ठरला होता! तिला रडू येईल की हसू, कळेना. तिने पदर सोडून हलवला. विमान डोक्यावर आलं तसं तिला वाटलं, इतक्या उंचावर का होईना, आत्ता या घटकेला हे माझ्या घरात आहेत, आणि आता निघाले. निघालेल्या माणसाला जे म्हणायचं तेच तिच्या तोंडून निघालं.

"या!" ती ओरडली.

आवाज थांबला.

फार नाही, एक श्वास घेऊन सोडावा एवढाच वेळ. विमान डोक्यावर, पंख उन्हात चमकताहेत, आणि आवाज म्हणून काही नाही. घारींचा नाही, गल्लीतला नाही. मग पुन्हा तो घरघराट सुरू झाला आणि विमान बिदरच्या दिशेने लहान लहान होत गेलं.

"वहिनी, मधीच थांबल्यावानी झालं न्हाई?" ईश्वरप्पाने पलीकडून विचारलं.

"वारा फिरला असंल," उमादेवी म्हणाली. तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसत आला होता. तेवढ्यात खालून शांतम्माची हाक आली.

"उमे, आगं पोरगं आलं का? मधल्या घरात पाय वाजला."

४

शिडी उतरून ती मधल्या घराच्या दारात आली आणि तिथेच उभी राहिली.

कवडशाच्या बरोबर मधोमध दोन पावलं उमटली होती, शेजारी शेजारी. तिथून चार पावलं आत गेली होती, भिंतीतल्या देवाच्या कोनाड्यापर्यंत. कोनाड्यासमोर पुन्हा दोन पावलं जवळ जवळ, माणूस हात जोडून उभा राहावा तशी. त्यापुढे काही नाही. आत येण्याच्या दाराकडून एकही पाऊल नव्हतं. डाव्या पावलाला करंगळी नव्हती.

उमादेवी मास्तरांची लेक होती. ती किंचाळली नाही. ही त्यांची जाण्याच्या दिवशीचीच पावलं असणार, असं तिने स्वतःला सांगितलं. पण जाण्याच्या दिवशीची पावलं पलीकडे होती, बुजलेली, दाराकडे तोंड केलेली. ही वरच्या मातीत उमटली होती आणि त्यांच्या कडा अजून ढासळल्या नव्हत्या. मग ती म्हणाली, कोणी गंमत केली. कोणी? सवण्यातून मांजर उतरेल, माणसाचा खांदा मावणार नाही. शेवटी ती कडेने पुढे गेली, खाली बसली आणि कवडशातल्या पावलावर तिने तळहात ठेवला. ते कोमट होतं. उन्हाने तापलं असेल. मग तिने कोनाड्यासमोरच्या पावलावर हात ठेवला. तिथे ऊन कधीच पोचत नव्हतं, आणि तेही कोमट होतं.

"काय हाय गं?" शांतम्माने ओसरीवरून विचारलं.

"काही नाही आत्याबाई. मांजर होतं."

खोटं बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. ते आपोआप निघून गेलं, आणि मग परत घेता येईना.

५

दुसऱ्या दिवशी तार आली. ईश्वरप्पाने ती ओसरीवर उभं राहून मोठ्याने वाचली. सुखरूप पोचलो. शांतम्माने डोळे पुसले, देवाला गूळ ठेवला आणि म्हणाली, "काढ आता मधल्या घरातला केर."

उमादेवीने केरसुणी घेतली आणि दारापर्यंत गेली. ते पोचले. तार आली. मग ही पावलं कोणाची? कोणाचीही असोत, माती आहे, झाडली की जाईल. एवढं सोपं होतं. पण तिचा हात पुढे होईना. ती परत येऊन म्हणाली, "उद्या काढते. आज अंग दुखून राहिलंय."

उद्याही तिने काढला नाही. कवडसा कणगीच्या बुडाशी आला, की मधल्या घरात पाय वाजायचा. शांतम्मा मान वळवायची आणि म्हणायची, "तू हायेस का गं आत?" उमादेवी स्वयंपाकघरातून म्हणायची, "हाव, मीच." मग भाकरी तव्यावर तशीच टाकून ती जाऊन पाहायची. पावलं वाढलेली असायची. कधी ती खुंटीपाशी जाऊन आलेली, जिथे त्याची रोजची टोपी टांगलेली होती. कधी दोरा लावल्या दिवसापासून जमिनीवरच राहिलेल्या नकाशाच्या कडेला गुडघे टेकल्याच्या खुणा आणि शेजारी हाताचा पंजा. तो नकाशा बघायला असाच बसायचा, हात टेकून.

तिला भीती वाटत होती, हे खरंच. पण नुसती भीती असती तर तिने गल्ली गोळा केली असती. त्या खोलीत शेंगदाण्याच्या तेलाचा आणि विभूतीचा जो वास कोंडून राहिला होता, तो तिच्या नवऱ्याचा वास होता. ती दारात बसली की कोणीतरी आत हळू श्वास घेतंय असं वाटायचं, आणि तिला एकटं वाटायचं नाही. मग एकदम आठवायचं, की तो तर हैदराबादेला आहे, पेशी झाली, आता निघेल. आणि ती उठून चुलीपाशी जाऊन बसायची.

एके दिवशी ती तशी बसली असताना पावलं तिच्याकडे तोंड करून उमटलेली होती. कवडशातून दाराच्या दिशेने तीन पावलं, आणि मग थांबलेली. उंबऱ्याबाहेर ते येत नव्हतं. येता येत नसावं, किंवा तिने बोलवायची वाट बघत असावं. ती उठून मागे झाली.

६

शांतम्माला फार दिवस फसवता आलं नाही. डोळे नसले तरी काय झालं, तिने एका दुपारी सुनेचा हात धरून तिला ओसरीवर बसवलं.

"खरं सांग. इमान गेलं त्या दिशी वरून काय म्हनलीस?"

"काय म्हणणार? निघालेल्या माणसाला म्हणतात तेच. या."

शांतम्माने कपाळावर हात मारून घेतला.

"आमच्या कानडीत 'होगि बा' म्हनतात गं. जा आन् ये. तुमच्या मराठीत जायाचं सोडूनच देता, नुस्तं या. दारात उभ्या मानसाला चालतंय ते, त्याला ठावं हाय आपन निघालोय. पर घरावरनं चाललेल्या मानसाला खालून या म्हनलं तर त्यानं काय समजायचं? जाऊन या म्हनाय पायजे होतं."

"आत्याबाई, शब्दानं कधी असं होतं का?"

"मग आत काय हाय, ते तू सांग."

वडिलांनी उमादेवीला अंतर मोजायला शिकवलं होतं, वेळ काढायला शिकवलं होतं. दोऱ्याच्या मधल्या एखाद्या ठिपक्यावर काय उतरू शकतं, हे नकाशात कुठेच नव्हतं.

"माजं लेकरू हैदराबादेला सुखरूप हाय," शांतम्मा म्हणाली. "आत जे आलंय ते त्याचं रूप घेऊन आलंय. एका घरात दोघं कशे मावतील? त्यो उंबऱ्याच्या आत पाय टाकायच्या आदी केर काढ. न्हाई तर त्याला घरात जागा उरनार न्हाई."

तरीही उमादेवीने त्या दिवशी केर काढला नाही. तो आल्यावर बघू, असं ती म्हणाली. तिला एकदा त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. तो धडधाकट समोर उभा राहिला की आपला संशय आपोआप विरेल, असं तिला वाटत होतं.

७

तो अकराच्या सर्व्हिस मोटारीने, म्हणजे बसने, आला. गल्लीतून त्याचा आवाज आला तेव्हा उमादेवी हातातलं काम टाकून दाराशी आली. तोच आवाज, तीच उंची, तेच कपाळ. अंगावर नवा कोट आणि पायांत मुंबईचे काळे बूट. तोंडावर हसू होतं. परवाना मिळाला, म्हणाला. इंजिन महिन्याभरात येतंय.

"दारातच थांब बाबा," शांतम्मा म्हणाली. "पायावर पानी घालायचंय, भाकरतुकडा ओवाळायचाय. उमे, आदी ते काम कर."

"कसलं काम?" त्याने विचारलं.

"केर ऱ्हायलाय."

तो अंगणातल्या दगडावर बसला. उमादेवीने त्याच्या हातातली पेटी घेतली, तेव्हा त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. थंड होती. थंडीचे दिवस होते, मोटारीचा प्रवास होता.

"लुगडं दिसलं का?" तिने हळूच विचारलं.

"दिसलं. तांबडं. वाकून बघितलं." त्याने मान वर करून आभाळाकडे पाहिलं. "मग एकदम हैदराबादच आलं. मधलं काही ध्यानात न्हाई."

झोप लागली असेल. ती आत गेली आणि केरसुणी घेतली. बाहेर जिताजागता माणूस बसलेला असताना मातीतल्या पावलांचं काय घेऊन बसायचं? तिची सगळी अक्कल तिला हेच सांगत होती, आणि या वेळी शांतम्माचं म्हणणंही तेच होतं. अक्कल आणि सासू एका बाजूला झाल्यावर तिच्या मनात विरोध करायला काही उरलं नाही.

ती दारापासून आत आत झाडत निघाली. खुंटीजवळची पावलं गेली. नकाशाजवळचे गुडघे गेले, पंजा गेला. कोनाड्यासमोरची, देवाला हात जोडून उभी राहिलेली दोन पावलं गेली. तरी तिने हात थांबवला नाही. शेवटी कवडशातली ती पहिली दोन पावलं राहिली. त्यांची बोटं आता तिच्याकडे होती.

केरसुणीने उडालेली पांढरी माती कवडशात चढली. उन्हाच्या त्या खांबात माती सगळीकडे भरली, आणि मधे एक जागा भरली नाही. खांदे होते. एका बाजूला किंचित झुकलेली मान होती, ती नकाशा वाचून दाखवायची तेव्हा तो ऐकत असे तशी. माती त्या जागेच्या कडेकडेने वर जात होती.

"मास्तरीणबाई," कोणीतरी म्हणालं.

रागाने नाही, गयावया करून नाही. हे काय करून राहिलीस, असं विचारावं तेवढ्याच सुरात.

हे बाहेरून हाक मारताहेत, उमादेवीने स्वतःला सांगितलं. डोळे मिटून तिने केरसुणी ओढली. एकदा, आणि पुन्हा एकदा. डोळे उघडले तेव्हा कवडसा मातीने काठोकाठ भरला होता आणि त्यात कुठेही मोकळी जागा नव्हती.

८

पाण्याचा तांब्या घेऊन ती बाहेर आली. शांतम्मा भाकरीचा तुकडा हातात घेऊन उंबऱ्याशी उभी होती.

"आत्ता तुम्ही हाक मारली का मला?" उमादेवीने विचारलं.

"न्हाई बा," तो म्हणाला. तो बुटाची नाडी सोडत होता.

शांतम्माने चाचपडत त्याच्या तोंडावरून हात फिरवला, तुकडा ओवाळून दूर टाकला. त्याने बूट काढून बाजूला ठेवले आणि उंबऱ्यापुढच्या फरशीवर पाय जोडून उभा राहिला. उमादेवीने वाकून उजव्या पायावर पाणी घातलं, मग डाव्या पायावर. बुटातला मळ धुऊन गेला. पाय गोरा, स्वच्छ निघाला. करंगळीही तशीच स्वच्छ होती, इतर बोटांना लागून नीट बसलेली, जशी ती जन्मापासून तिथेच असावी.

तांब्यातलं पाणी संपलं तरी ती तांब्या तिरपा धरून राहिली.

मग तिने मागे वळून पाहिलं. दारातून मधलं घर दिसत होतं. जमीन लखलखीत झाडलेली. तिच्याच हाताने. कणगीपासून कोनाड्यापर्यंत एकही खूण उरली नव्हती. शांतम्मा आणि तो, दोघंही तिच्याकडे तोंड करून वाट बघत होते.

"या म्हण की, उमा," तो म्हणाला.

सहा वर्षांत पहिल्यांदाच ते नाव त्याच्या तोंडून आलं.

"म्हन की गं," शांतम्मा आनंदाने म्हणाली. "दारात किती येळ उबं करतीस लेकराला?"

उमादेवीने ओठ उघडले. तो एक शब्द तिच्या जिभेवर येईना. आला तो दुसराच, जो त्या दिवशी माळवदावर यायला हवा होता.

"जाऊन या," ती म्हणाली.

शांतम्माच्या तोंडावरचं हसू विरलं. तो मात्र हसतच राहिला.

"आता कुठं जायचं, उमा? पोचलो की," तो म्हणाला, आणि त्याने डावा पाय उंबऱ्याच्या आत ठेवला. नुकत्याच झाडलेल्या कोरड्या जमिनीवर ओलं पाऊल उमटलं. त्याला पाचही बोटं होती.